गळ्याची पट्टी वजन पेलते, वाद्य धरत नाही
(नवारीच्या एका लहानशा मालाविषयी)

भिवंडीत कापडाचा धंदा म्हटला की माणूस ताग्यांचाच विचार करतो. नवारीकडे कोणी फारसे पाहात नाही. नवार म्हणजे खाटेची, नाहीतर बॅगेच्या पट्ट्याची, एवढीच तिची ओळख. परंतु व्यापारात लहान वस्तूला कमी लेखणे शहाणपणाचे नसते. गेल्या वर्षी अशाच एका लहान वस्तूने मला व माझ्या एका गिऱ्हाइकाला धडा शिकविला.

हे गिऱ्हाईक म्हणजे शिलाईचे काम करणारा एक होतकरू कारागीर. त्याने माझ्याकडून एक इंच रुंदीची नवार नेली आणि युकुलेले या वाद्यासाठी गळ्यात घालायच्या पट्ट्या शिवून एका दुकानदाराला दिल्या. काम सुबक होते. महिन्याभरात एक पट्टी परत आली आणि सोबत फुटलेल्या वाद्याचा फोटो आला. पट्टी तुटली नव्हती, शिलाई उसवली नव्हती, हूकही शाबूत होता. तरीही वाद्य जमिनीवर पडले होते. मग कसूर कोणाची? वाद्य वाजविणे हा माझा विषय नाही. नवार हा माझा विषय आहे. म्हणून मी या प्रकरणाच्या मुळाशी गेलो.

पट्टीची गरज का पडते?

आजच्या क्लासिकल गिटारचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याने पक्का केला. हे वाद्य बसून वाजवायचे. डावा पाय लहानशा चौरंगावर ठेवायचा आणि गिटार मांडीवर टेकवायची. त्यामुळे या गिटारला पट्टा अडकविण्यासाठी खुंट्या नसतात. पूर्वी तिच्या तारा आतड्याच्या असत. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि प्रख्यात वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. म्हणजे आपल्या सुताच्या बाजारातला नायलॉन या वाद्यात फार पूर्वीच शिरलेला आहे.

युकुलेलेची कथा वेगळी. १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन हवाईमधील होनोलुलू बंदरात आले. त्यांच्यात मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितु सांतु हे तीन सुतारकाम जाणणारे होते. मदेराच्या लहान चार तारी वाद्यावरून त्यांनी हवाईत जे वाद्य घडविले, तेच युकुलेले. सर्वांत लहान, सोप्रानो मापाचे युकुलेले सुमारे २१ इंच लांब असते आणि वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास भरते. ते उजव्या हाताने छातीशी दाबून वाजवितात. शिकाऊ माणूस उभा राहिला की त्याच्या डाव्या हातावर दोन कामे येतात, दांडी सावरणे आणि सूर दाबणे. एक हात दोन मालकांची चाकरी करू लागला की दोन्ही कामे बिघडतात. गळ्याची पट्टी यातले पहिले काम हलके करते.

पट्टी कशी चालते?

पट्टीचा फास गळ्यात घालायचा. खाली सोडलेले टोक वाद्याच्या मागून, पेटीच्या बुडाखालून पुढे आणायचे आणि टोकाचा हूक पुढच्या फळीवरील गोल भोकाच्या खालच्या कडेला अडकवायचा. वाद्याला कोठेही स्क्रू मारावा लागत नाही, हा या पट्टीचा मोठा फायदा. महागड्या गिटारला भोक पाडले की तिची किंमत उतरते.

परंतु यातच तिची मर्यादाही आहे. खांद्याचा पट्टा वाद्याला दोन टोकांना धरतो. ही पट्टी एकाच जागी अडकते. वाजविणाऱ्याच्या उजव्या हाताची कोपरापुढची बाजू वाद्याला छातीशी दाबून ठेवते, तोवर सर्व ठीक. दोन्ही हात सुटले की वाद्य पुढच्या बाजूस कलंडते, हूक निसटतो आणि वाद्य खाली येते. आमच्या प्रकरणात नेमके हेच घडले. मुलाने गाणे संपल्यावर टाळ्या वाजविण्यासाठी दोन्ही हात सोडले. पट्टीने तिचे काम चोख केले होते. जे काम तिचे नव्हतेच, ते तिच्यावर टाकले गेले.

नवार कोणती घ्यावी?

मजबुतीची चिंता येथे नको. एक इंची चांगली नवार याच्या कितीतरी पट वजन सहज पेलते. चिंता करायची ती मानेची आणि वाद्याच्या पॉलिशची.

सुती नवार मानेला मऊ लागते, घाम शोषते आणि बकलात घट्ट बसते. मात्र ती भिजली की उशिरा सुकते आणि कच्चा रंग असेल तर सदऱ्याच्या कॉलरला डाग लावते. ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा-वीस वेळा घासून पाहावे. फडके रंगले तर ती नवार घेऊ नये. पॉलीप्रॉपिलीन, ज्याला बाजारात पीपी म्हणतात, ती स्वस्त, हलकी आणि पाणी न शोषणारी. परंतु तिची कड मानेला कापते आणि गुळगुळीतपणामुळे ती बकलातून सरकते. नायलॉन चिवट आणि गुळगुळीत, पण ताणले की थोडे लांबते. पॉलिएस्टर कमी ताणते आणि रंग चांगला धरते. माझा सल्ला असा की मानेवर येणारा भाग सुती ठेवावा, किंवा पॉलिएस्टर नवारीवर सुती कापडाची गादी शिवावी.

रेक्झीन टाळावे. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ काही पॉलिशांना चिकट करून टाकतो. उंची क्लासिकल गिटारवर लाखेचे नाजूक पॉलिश असते, त्याला तर घामही सोसत नाही. म्हणून वाजवून झाल्यावर पट्टी काढून वेगळी ठेवावी.

हूक हीच खरी जागा

गिटारची पुढची फळी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची असते, युकुलेलेची त्याहूनही पातळ. उघड्या लोखंडी हुकाने तिची कड सोलते. हूक प्लॅस्टिकचा असो वा धातूचा, त्याच्या आतल्या बाजूस नमदा किंवा मऊ चामडे चिकटविलेच पाहिजे. हुकाजवळची शिलाई चौकोनात फुली मारून घ्यावी. काही युकुलेलेंना पुढे गोल भोक नसते, त्यांना ही पट्टी लागतच नाही. दुकानदाराने हे आधी पाहावे.

मालाचा हिशेब सोपा आहे. एका पट्टीला दीड मीटर नवार धरली तर ५० मीटरच्या बंडलातून ३३ पट्ट्या निघतात आणि अर्धा मीटर उरतो. नवार हा यात लहान खर्च आहे. हूक, बकल आणि शिलाई यांत खरा पैसा जातो. तेथे चार पैसे वाचविणारा कारागीर परतीच्या मालात त्याहून जास्त गमावतो.

मानेचाही विचार करावा. अर्ध्या किलोचे युकुलेले ठीक आहे. गिटार मात्र दीड किलोच्या आसपास असते आणि ते सर्व वजन मानेवर येते. सॅक्सोफोन वाजविणाऱ्यांना अशाच पट्टीमुळे मानदुखीची तक्रार असते आणि त्यांच्यापैकी कित्येक जण दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा वापरतात. तेव्हा गिटारसाठी ही पट्टी थोड्या वेळापुरतीच सांगावी. बराच वेळ वाजवायचे तर बसून, पायाखाली चौरंग घेऊन वाजविणे बरे. लहान मूल गळ्यात पट्टी घालून धावणार नाही, याकडेही मोठ्यांनी लक्ष ठेवावे.

शेवटी निकाल काय लागला?

कारागीर म्हणाला, “चाचा, माझी पट्टी तुटलेली नाही.” मुलाचे वडील म्हणाले, “आम्ही पट्टी घेतली ती वाद्य पडू नये म्हणून.” दोघेही खरे बोलत होते. कसूर मधल्या गप्प बसण्याची होती. कारागिराने दुकानदाराला सांगितले नाही, दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगितले नाही आणि नवार विकताना मीही विचारले नाही की ही कशासाठी नेतोस. अखेर वाद्याच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही तिघांनी वाटून घेतला.

त्यानंतर कारागिराने प्रत्येक पट्टीला एक चिठ्ठी शिवली : “ही पट्टी वजन पेलते, वाद्य धरत नाही. दोन्ही हात एकदम सोडू नका.” दुकानदाराला भीती होती की चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक माघारी जाईल. काही गेलेही. परंतु ज्यांनी वाचून घेतली, त्यांच्यापैकी एकाचीही पट्टी परत आलेली नाही.

नवीन माल काढू पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे. आपला माल काय करतो हे सर्वजण सांगतात. तो काय करीत नाही, हेही लिहून द्या. त्या चिठ्ठीला फार खर्च येत नाही आणि तिच्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढते.