साठवणीचे पाणी आणि डासांविषयीचे समज

लोणार तालुक्यातील बीबी आणि तिच्या आसपासच्या गावांत पाण्याची टंचाई ज्यांनी अनुभवली आहे, त्यांच्या घरी रांजण, हौद आणि टाक्या सदैव भरलेल्या असाव्यात, हे रास्तच होय. परंतु डास केवळ तुंबलेल्या गटारातच निपजतात, आपल्या निर्मळ साठ्याशी त्यांचा संबंध नाही, हा समज वस्तुस्थितीस धरून नाही. गटारात वाढणारा क्युलेक्स डास रात्रीची झोप मोडतो आणि हत्तीरोग पसरवितो, हे खरे. तथापि डेंग्यू व चिकनगुनिया यांचा प्रसार करणारी एडिस इजिप्तीची मादी घरातले स्वच्छ, स्थिर पाणीच पसंत करते आणि दिवसाउजेडी चावते. सबब दुपारी निजणाऱ्या तान्ह्या मुलालाही मच्छरदाणी हवी.

पाणी ओतून दिले की काम झाले, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. ही मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटविते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणून रांजण आतून खसखसून घासला पाहिजे, आणि उन्हाळा सरल्यावर कूलरची टाकीही तशीच घासून मग ठेवली पाहिजे. अंड्याचा डास होण्यास उष्ण हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सारी भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळण्याची तजवीज या मुदतीवरच आधारलेली आहे. टंचाईत पाणी फेकवत नाही, ही अडचण खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून दिलेला उपदेश व्यर्थ होय. अशा वेळी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घासलेल्या भांड्यात भरावे, फडक्यातील अळ्या कोरड्या मातीवर झटकाव्यात आणि भांड्याच्या तोंडाला कापड घट्ट बांधावे.

ग्रामपंचायतीच्या धुरळणीने उडते डास मरतात, अळ्यांना मात्र तिची झळ पोचत नाही; कडुनिंबाच्या धुराचीही तीच गत. एडिस डास बहुधा काहीशे मीटरांपलीकडे जात नाही, तेव्हा त्याचे उगमस्थान आपल्या किंवा शेजाऱ्याच्या अंगणातच शोधावे, आणि साऱ्या आळीने कोरडा दिवस एकाच वारी पाळावा. उपसता न येणाऱ्या हौदासाठी आरोग्य केंद्राकडे गप्पी मासे मागावेत, आणि शौचालयाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी बांधण्यात हयगय करू नये.