बेटावरचा काळा कवड्या

बसा रे पोरांनो, आज सापाची गोष्ट.

आपल्या सोलापुरात पाऊस सुरू झाला, की रात्री दिव्याजवळच्या पालींच्या मागावर एक बारीक साप भिंतीवर चढतो. तपकिरी अंग, त्यावर पांढरट पट्टे. कुणीतरी ओरडतं, "मण्यार!" आणि काठी उगारली जाते. बहुतेक वेळा तो असतो कवड्या. दीड-दोन फुटांचा, बिनविषारी, पाली खाऊन जगणारा. मला फार वाईट वाटतं रे.

मग ओळखायचं कसं? मण्यार निळसर काळी. तिचे पट्टे डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे दाट होत जातात. कवड्याचं नेमकं उलट: मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची ओळ असते, कवड्याला ती नसते. पण हे फोटोत बघायचं बरं का, अंगणात वाकून नाही. मण्यार चावली तरी फारसं दुखत नाही, झोपेतला माणूस तसाच जातो. शंका आली की लांब व्हायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा.

आता चला लांब, ग्रेट निकोबार बेटावर. इंदिरा पॉइंट हे आपल्या देशाचं दक्षिण टोक तिथलंच. तिथून सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि चेन्नई हजारावर किलोमीटर दूर! आपल्याकडे काळी माती आणि कोरडं ऊन, तिथे गच्च ओलं जंगल. त्या जंगलात आपल्या कवड्याचा एक भाऊबंद राहतो. अंग चकचकीत काळं, लांबी सव्वा मीटरच्या आसपास, आणि विष नाही.

आपल्या कवड्याला लिनिअसनं 1758 सालीच शास्त्रीय नाव दिलं होतं. या काळ्याला मात्र ते मिळालं थेट 2025 मध्ये: लायकोडॉन इर्विनी. मगरी-सापांवर जीव टाकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह आयर्विनची ही आठवण.

नवा साप दिसला म्हणून नवी जात ठरत नाही. पोटाचे खवले मानेपासून एकेक मोजायचे. अंगाभोवती किती ओळी, शेपटीखालचे खवले एकेरी की जोडीचे, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खवला आहे का, दात कसे आहेत, सगळं टिपायचं. कवड्यांचे पुढचे दात लांब असतात, लांडग्याच्या सुळ्यांसारखे. मग डीएनए तपासायचा आणि संग्रहालयांतल्या बरण्यांमधल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं. अंदमान-निकोबारमध्ये आणखीही कवड्या साप आहेत, त्यातल्या एकाला 1965 मध्ये लायकोडॉन तिवारी हे नाव मिळालं होतं. हा त्यांच्यापैकी नाही, याची खात्री पटल्यावरच नवं नाव. इतका धीर मला तरी झाला नसता!

आणि हे सगळं ठरलं किती सापांवरून? अवघ्या चार!

बेटावरचं जगणं नाजूक असतं रे. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर 1980 च्या दशकात दुसऱ्याच जातीचा एक कवड्या बाहेरून पोचला. पुढे तिथल्या मूळच्या पाली-सरडे झपाट्यानं घटले, आणि त्यात या पाहुण्याचा मोठा हात मानला जातो. आपला काळा कवड्या मात्र पाहुणा नव्हे, निकोबारच त्याचं घर. एकच बेट आणि मोजक्याच नोंदी, म्हणून अभ्यासकांनी नाव देतानाच त्याला संकटग्रस्त धरावं असं सुचवलं आहे.