बॅगपाइप कसा जुळवतात?

वाजंत्र्यांत सनईला सूर देणारा गडी तुम्ही पाहिलाच असेल. तो एकच स्वर अखंड धरून बसतो. गालात हवा साठवतो, नाकाने श्वास घेतो, पण स्वर तुटू देत नाही. मोठं अवघड काम ते!

बॅगपाइपमध्ये हे काम पिशवी करते. पाण्याची पखाल असते ना, तशी ही वाऱ्याची पखाल. वादक ती फुंकून भरतो व काखेत दाबतो. एका नळीवर बोटांनी चाल वाजते. खांद्यावरच्या तीन नळ्या नुसता सूर धरतात. मराठा लाइट इन्फंट्रीत हे वाद्य वाजते. तिचे केंद्र बेळगावला आहे. घाटनांदूरचा पोरगा तिथे भरती झाला, तर हे वाद्य त्याच्याही हाती येऊ शकते.

स्पर्धेआधी काय करतात? प्रथम नळ्यांच्या जागा बंद करून पिशवी फुगवायची. ती ढिली पडली तर समजावे, वारा कुठेतरी निसटतो आहे. सांध्यांवर मेणाचा दोरा गुंडाळावा. मग पंधराएक मिनिटे वाजवावे. इथे घाई नको बरं का! वाद्य तापले की स्वर चढतो. थंड असताना जुळवले, तर मैदानात ते बेसूर होणारच.

मग एकेक सूरनळी जुळवायची. नळी लांब केली की स्वर उतरतो, आखूड केली की चढतो. दोन स्वर जवळ आले पण जुळले नाहीत, तर आवाज लाटेसारखा हेलकावतो. हेलकावा थांबला की जुळले.

पथकात एकाची नळी उतरली, तरी गुण साऱ्यांचेच जातात. म्हणून मैदानात उतरण्यापूर्वी प्रमुख प्रत्येकाच्या खांद्यापाशी कान नेऊन ऐकतो.