पोथीतली निळी ज्योत

१९७४ साली मी वाईहून कोलकात्याला निघाले. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली मुलगी आता रसायन सोडून त्याचा इतिहास शिकायला एवढ्या लांब चालली आहे, एवढंच वडिलांना कळलं होतं. ते फार बोलले नाहीत. "तर्कतीर्थही तिकडूनच परीक्षा देऊन आले," असं म्हणाले आणि ट्रंकेला दोरी बांधायला बसले. आमच्या गावाला कोलकात्याची ओळख होती ती इतकीच. प्राज्ञपाठशाळेत न्याय शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजची पदवी घेऊन आले आणि पुढे ती पदवीच त्यांचं नाव झाली.

विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयाचा कोलकात्यात कसकसा अभ्यास झाला, त्याचा आढावा घ्यायचा तर रिवाजाप्रमाणे १७८४च्या एशियाटिक सोसायटीपासून निघावं लागतं. जोन्स, कोलब्रुक, पुढे १८७६ साली महेंद्रलाल सरकारांनी काढलेली विज्ञानसंस्था, हे सारं वाचकांना ठाऊक आहे. मी तिथे रेंगाळत नाही. माझ्या लेखी हा विषय उभा राहिला तो १९०२ साली, प्रफुल्लचंद्र रायांच्या ‘हिंदू रसायनाचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला तेव्हा.

राय तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होते. १८९६ साली त्यांनी पाऱ्याचं एक नवं संयुग जगापुढे ठेवलं होतं. थंड, पातळ नायट्रिक आम्लात पारा ठेवला की त्यावर पिवळे स्फटिक धरतात, ते मर्क्युरस नायट्राइट. याच सुमारास पॅरिसचे वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ग्रीक किमयेचा इतिहास लिहिणाऱ्या बर्थेलोंना भारताबद्दल जाणून घ्यायचं होतं. रायांनी एका रसग्रंथावर टिपण पाठवलं, आणि तिथून देशभरच्या हस्तलिखितांचा शोध सुरू झाला. दुसरा खंड यायला १९०९ उजाडलं. रसशास्त्र म्हणजे मुळात पाऱ्याचं शास्त्र. प्रयोगशाळेत पारा हाताळणारा माणूसच पाऱ्याच्या पोथ्या वाचत होता, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. पोथीत ‘पारा मरतो’ असं लिहिलेलं दिसलं की भाषापंडित कोश उघडतो. राय बाटली उघडू शकत होते.

त्याच पहिल्या खंडात त्यांनी आपल्याकडचं विज्ञान का खुंटलं याचा विचार केला. जातिव्यवस्थेने हातकाम खालच्या मानलेल्या जातींकडे ढकललं, विचार करणारा वर्ग भट्टीपासून आणि शस्त्रक्रियेपासून दूर गेला, आणि ‘कसं’ आणि ‘का’ विचारणारं डोकं कारागिराच्या हातापासून तुटलं, असं त्यांचं म्हणणं. शंभरांहून जास्त वर्षं या म्हणण्यावर वाद चालू आहे. मी त्यांच्या बाजूची आहे आणि शेवटपर्यंत राहीन.

आता माझ्या आवडीचं एक पान उघडते. ‘रसरत्नसमुच्चय’ हा तेराव्या-चौदाव्या शतकातला ग्रंथ आपल्या पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला होता. त्यात कलखापरीतून, म्हणजे जस्ताच्या खनिजातून, जस्त काढायची कृती आहे. हळद, हिरडा, राळ, क्षार, घरातली काजळी, टाकणखार, बिब्बा आणि आंबट रस घालून कलखापरी खलायची आणि ‘वृंताकमूषे’त भरायची. वृंताक म्हणजे वांगं. वांग्याच्या आकाराची मूस, तिला बारा अंगुळं लांबीची नळी, नळीचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं. मूस धमवायची आणि ज्योतीवर नजर ठेवायची. ज्योत निळ्याची पांढरी झाली की सांडशीने मूस धरून तोंड खाली करून जमिनीवर टाकायची, मात्र नळी मोडू द्यायची नाही. कथलासारखं चमकणारं सत्त्व हाती येतं.

हे लिहिणारा भट्टीशेजारी बसलेला माणूस होता. हळद आणि राळ जळून कोळसा होतो, तो कलखापरीतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि निळी जळणारी कार्बन मोनॉक्साइड सुटते. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पण खनिजातून सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून ते मुशीत वितळलेलं सापडतच नाही, वाफ होऊनच बाहेर पडतं आणि हवा लागताच पांढरं जळतं. ज्योतीचा रंग बदलतो तो याच क्षणी. रायांनी हा उतारा इंग्रजीत आणून त्याचं महत्त्व सांगितलं. ते १९४४ साली गेले. १९८३ साली राजस्थानात झावर इथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, ब्रिटिश म्युझियमच्या आणि हिंदुस्तान झिंकच्या लोकांनी उत्खनन केलं, तेव्हा जस्ताच्या भट्ट्या जशाच्या तशा निघाल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, वांग्यासारख्या, नळ्या खाली करून उलट्या बसवलेल्या. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ साली.

रायांच्या दुसऱ्या खंडात ब्रजेंद्रनाथ शील यांचं लेखन आहे. पुढे १९१५ साली त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आला, प्राचीन हिंदूंच्या प्रत्यक्ष विज्ञानांवरचा. सांख्यांचा भूतविचार, वैशेषिकांचे परमाणू, ध्वनिविचार आणि अखेरीस वैज्ञानिक पद्धतीवर एक प्रकरण. तत्त्वज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ एका पुठ्ठ्यात बांधले गेले, या विषयाची खरी स्थापना मी तिथे मानते.

शीलांचं ते प्रकरण मला कळलं उत्तर कोलकात्यातल्या एका अंगणात. माझे मास्टरमशाय, म्हणजे गुरुजी, श्यामबाजारच्या गल्लीत राहत. मला ते ‘मा’ म्हणत, तिकडे वडीलधारी माणसं मुलींना म्हणतात तसं. हिवाळ्याच्या संध्याकाळी घरोघर कोळशाचे उनून, म्हणजे शेगड्या, पेटत आणि गल्ली धुराने भरून जाई. काकीमा अंगणात पंख्याने उनून फुलवत होत्या. शेण्या दमट होत्या, डोळे चुरचुरत होते. मास्टरमशायांनी मला तासभर काही शिकवलं नाही, नुसतं बसवून ठेवलं. कोळसे लाल झाले, धूर थांबला, काकीमांनी उनून उचलून आत नेला. मग त्यांनी विचारलं, "मा, अग्नी तर अजून आहे. धूर कुठे गेला?" धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. मध्ये ओलं इंधन असावं लागतं. नैयायिक या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. खरं कारण शोधायचं तर उपाधी एकेक करून बाजूला काढत जावी लागते, आणि प्रयोगशाळेत आम्ही दुसरं काय करत होतो? पाच वर्षं रसायन शिकून मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या उनूनापाशी मिळालं.

पुढच्या पिढीबद्दल भराभर सांगते. बिभूतिभूषण दत्तांचं शुल्बविज्ञानावरचं पुस्तक १९३२चं. अवधेश नारायण सिंहांबरोबर लिहिलेल्या हिंदू गणिताच्या इतिहासाचे दोन भाग १९३५ आणि १९३८चे. दत्त संन्यासी होऊन पुष्करला गेले आणि राहिलेलं हस्तलिखित कितीतरी वर्षांनी हप्त्याहप्त्याने छापून आलं. समरेंद्रनाथ सेनांनी बंगालीत विज्ञानाचा इतिहास लिहिला. १९७१ साली देवेंद्रमोहन बोस, सेन आणि सुब्बरायप्पा यांनी संपादित केलेला संक्षिप्त इतिहास आला, तो अजून टेबलावर ठेवावा असा आहे. देबीप्रसाद चट्टोपाध्यायांनी रायांचा हात आणि डोकं तुटल्याचा मुद्दा उचलून आयुष्यभर लावून धरला. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. कारागिराला इतिहासात आणण्याबद्दल मात्र त्यांचे उपकार आहेत.

मराठी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांगसुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते, ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते, उज्जैनचे रा. वि. वैद्य होते. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली मराठीत लिहिलेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास वैद्यांनी पुढे इंग्रजीत नेला. २२ मार्च १९५७ला, शके १८७९च्या १ चैत्रापासून, समितीचं राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. ते आजही कोलकात्यात तयार होतं आणि मराठीतही निघतं. कोलकाता आणि महाराष्ट्र यांच्यात या विषयाचं येणं-जाणं होतं. धर्मानंद कोसंबी तिथे पाली शिकवत होते, आणि त्यांच्या मुलाने पुढे पुण्यात जुनी नाणी रसायनशाळेच्या तराजूवर तोलून इतिहास वाचला. हेही रायांचंच घराणं मानावं.

माझं भांडण दोन पक्षांशी आहे. एकाला पोथीत सगळं आधीच सापडतं, विमानापासून अणूपर्यंत. कलखापरीची कृती त्यांच्या व्याख्यानात येते, पण ती कधी करून बघितली का, असं विचारलं की सभेत शांतता पसरते. ज्याने बारा अंगुळं मोजली, नळी मोडू देऊ नका म्हणून बजावलं, त्या माणसाचा हा अपमान आहे. दुसरा पक्ष विद्यापीठांत बसलेला आहे. त्याच्यासाठी राय हा वासाहतिक काळातला एक ‘विमर्श’ आहे. रायांनी इतिहास का लिहिला यावर शंभर पानं होतात, त्यांनी लिहिलेलं बरोबर की चूक याबद्दल एक ओळ येत नाही. यातून विषयातलं विज्ञान निघून जातं आणि उरतो नुसता इतिहासाचा इतिहास. मी चाळीस वर्षं हे सांगत आले आहे आणि त्यापायी मित्रही गमावले आहेत.

माझा प्रबंध कुठल्या विभागात दाखल करायचा यावर अडीच वर्षं गेली. रसायनवाले इतिहासाकडे धाडत, इतिहासवाले तत्त्वज्ञानाकडे, आणि तत्त्वज्ञानात विचारलं गेलं की यात मुशींची चित्रं कशाला. राय-शीलांनी एका पुठ्ठ्यात बांधलेलं आपल्या विद्यापीठांनी तीन इमारतींत वाटून टाकलं. ते दुःख अजून गेलेलं नाही.

महाराष्ट्रात शिकवायला लागल्यावर एका उन्हाळ्यात सहा विद्यार्थ्यांना घेऊन गावातल्या कुंभाराकडे गेले. मातीत भाताचं तूस कालवून त्याने आम्हाला वांगी घडवून दिली, आणि नळी जोडताना जी सूचना केली ती कुठल्याच ग्रंथात नाही: मुशीची आणि नळीची माती एकाच ओलीची हवी, नाहीतर सांधा उलतो. बिब्बा आम्ही वगळला, अंगावर उततो म्हणून. पहिल्या दोन मुशी तडकल्या. तिसरीच्या नळीतून निळी ज्योत निघाली. भाता मारणाऱ्या मुलाचे हात भरून आले, दुसऱ्याने घेतला. मग एकाएकी ती ज्योत पांढरी झाली, किंचित हिरवट झाक असलेली, आणि पांढरा धूर सुटला. मी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं होतं. मूस थंड झाल्यावर नळीत ज्वारीच्या दाण्याएवढे तीन मणी निघाले. कुंभार म्हणाला, "बाई, हे आमच्याकडं कुणी इचारायलाच आलं न्हाई आजवर."

गेल्या हिवाळ्यात पुन्हा कोलकात्याला गेले. उतरले नेहमीप्रमाणे हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये एक मुलगी भेटायला आली. रायांच्या राष्ट्रवादावर संशोधन करते, हुशार आहे, चार भाषा येतात. रायांचे दोन खंड तिने उघडले नव्हते, मार्गदर्शकांनी सांगितलं नव्हतं. मी तिच्या वहीत मूस काढून दाखवली, खाली तोंड, धोतऱ्याचं फूल. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिदी, नळी बारा अंगुळं म्हणजे नेमकी किती?" मी म्हटलं, बोटं ठेवून बघ. तिने कॉफीचे कप बाजूला सारले आणि टेबलावर चार बोटं टेकवली, त्यांना लागून पुन्हा चार, आणि मग पुन्हा चार.