जिताडा मोजका, फ्लेमिंगो लाखभर

फ्लेमिंगोंचे फोटो यंदाही पहिल्या पानावर झळकले. ठाणे खाडीचं 2015 चं अभयारण्य, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून 2022 चा रामसर दर्जा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. ज्या खाडीत जिताडा मासा मिळाला की कोळ्याचा दिवस सार्थकी लागतो, तिथेच हे पक्षी हजारोंनी, कधी लाखाच्या घरात कसे जगतात?

ओहोटीच्या वेळी ठाण्याहून कळव्याला येताना पुलावरून खाली पाहा. चिखलावर हिरवट-तपकिरी साय धरलेली असते. ते सूक्ष्म शेवाळ. ऊन थेट पकडणारं. छोटा फ्लेमिंगो मान उलटी करून चोचीने तेच गाळून खातो. ऊन, शेवाळ, पक्षी, संपला प्रवास.

जिताड्याचा रस्ता लांबचा. तिवराचं पिकलं पान गळतं (जिभेला लावून बघा, खारट लागतं), चिखलात कुजतं. जिवाणू-बुरशीने मऊ झालेला तो चोथा कोळंबी खाते, कोळंबीला लहान मासे आणि त्यांना जिताडा. प्रत्येक घासातलं बहुतेक बळ श्वासात, पळापळीत उष्णता होऊन निघून जातं. पुढच्याच्या अंगी लागतं ढोबळमानाने दहा टक्के. पानातल्या 10,000 कॅलरी कोळंबीत 1,000, लहान माशात 100, जिताड्यात जेमतेम 10. प्रदूषणाने त्याला आणखी मारलं हे खरंच, पण खाडी निर्मळ असती तरी तो फ्लेमिंगोइतका कधीच झाला नसता.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला रेमंड लिंडमनने. मिनेसोटातल्या एका दलदली तळ्यावर त्याने पाच वर्षं घालवली. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला, फार सैद्धांतिक म्हणून. अखेर 1942 मध्ये तो छापून आला, तेव्हा लिंडमन हयात नव्हता. सत्ताविशीही गाठली नव्हती त्याने. दहा टक्क्यांचा नियम आज शाळकरी पोरं घोकतात. त्याच्या स्वतःच्या नोंदींत मात्र पायरीगणिक आकडा वेगळा होता, आणि मला तो प्रामाणिकपणा जास्त मोलाचा वाटतो.

पुन्हा खाडीकडे येऊ. आपलं सांडपाणीही इथे शेवाळाला खत घालतं. पण नायट्रोजन-फॉस्फरस फिरून फिरून वापरता येतात, ऊर्जा नाही. ती रोज नव्याने उन्हातूनच यावी लागते. म्हणून कळव्याच्या खाडीकाठी राडारोड्याचा एक ट्रक रिकामा होतो तेव्हा मी हादरते. पक्ष्याला कुणी हात लावलेला नसतो. फक्त तेवढ्या चिखलावर उद्या ऊन पोचणार नसतं.