बिब्बा : एक उपेक्षित झाड

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना बिब्बा ठाऊक असतो तो दाराला लिंबू-मिरचीबरोबर टांगलेला. नाहीं तर ठरत आलेल्या सोयरिकीत कोणी 'बिब्बा घातला' म्हणजे! भाषेनें ज्याची अशी अपकीर्ति केली, तें झाड आंबा व काजू यांच्याच कुळांतलें असून कोरड्या रानांत, माळांवर व बांधांवर लागवडीवांचून येतें.

त्याचें फळ मोठें चमत्कारिक आहे. देठाकडील नारिंगी, मांसल भागास बिब्ब्याचें फूल म्हणतात. तें वाळवून खातात. त्यास लागून काळी, चकचकीत बी असते. तिच्या सालींतील दाट तेल हेंच औषध व हेंच विष. सालीच्या आंत गोडंबी. ती बाळंतिणीच्या लाडवांत पडते.

संस्कृतांत यास भल्लातक म्हणतात. चरकसंहितेंत रसायन म्हणून त्याचे अनेक प्रयोग दिले आहेत. मात्र विटेच्या चुऱ्यांत घोळून शुद्ध केल्यावांचून वैद्य तो पोटांत देत नाहींत. खेड्यांत कांटा मोडला कीं बिब्बा तापवून चटका देतात. कित्येकांस नुसत्या धुरानेंही तोंड सुजतें, म्हणून हा घरगुती उपचार आम्हांस पसंत नाहीं. अंगावर उतल्यास खोबरेल लावण्याची जुनी चाल आहे. परंतु डोळ्यास इजा झाल्यास दवाखाना गांठावा हें बरें.

जाणतां जाणतां एक गोष्ट सांगतों. बांधाच्या तंट्यांत याच तेलानें मारहाणीचे खोटे वळ उठवितात; न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत त्याची ओळख दिलेली आहे. खऱ्या वळास खाज नसते, याच्या फोडांस असते, आणि खाजविणाऱ्याच्या बोटांवरही तेच डाग सांपडतात.

व्यापारांत याचें जुनें गिऱ्हाईक म्हणजे धोबी. तेलांत चुना मिसळून कापडावर केलेली खूण पाण्यानें जात नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत (1939-45) हिंदुस्थानांतील अमेरिकी सैनिकांच्या मानेवर अशा खुणांमुळें चट्टे उठले व त्यांच्या डॉक्टरांनीं त्यावर लेख लिहिले.

आज खरा पैसा गोडंबींत आहे, आणि तेथेंच आमचा मुख्य मुद्दा आहे. बाजारांत ती मोलानें विकली जाते. पण विदर्भांत बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात पहावे! बोटें काळीं पडलेलीं, कातडी सोललेली. राख चोळून भागत नाहीं. जाड प्लास्टिकचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, व काम संपतांच साबणानें धुणें, एवढें तरी फोडून घेणाऱ्या व्यापाऱ्यानें पुरवावें. मुलांना त्या जागीं बसूं देऊं नये.

वनहक्क कायद्यानें (2006) पात्र वननिवासींस गौण वनोपजावर मालकी हक्क दिला आहे. अशा गांवांनीं फळ एकत्र गोळा करून, वाळवून, वजन करून विकावें. आणि बांधावर बिब्बा असेल तर तो सरपणासाठीं तोडूं नये. त्याचा धूर चुलीपाशीं बसणारीस भोंवतो.