स्लॅब टाकण्याआधी ठरवायच्या गोष्टी

बांधायच्या इमारतीचे मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवले की मालक खूश होतो. भिंतीवर क्लिक केले की तिची जाडी, वीट कुठली, गिलावा किती, सारे बाजूला उघडते. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बीआयएम, ते हेच: नुसत्या रेषा न मारता भिंत, दार, पाइप, पंप ही प्रत्येक गोष्ट स्वतःची माहिती सोबत बाळगणारी वस्तू म्हणून रचायची. पण कितीतरी प्रकल्पांत गाडी या सादरीकरणापुढे सरकत नाही. साइटवरचे काम कागदावरच्या ड्रॉइंगवर चालते, मॉडेल मागाहून दुरुस्त होत राहते, आणि शेवटी मालकाच्या हाती एक भलीमोठी फाइल पडते, जी उघडायला त्याच्याकडे सॉफ्टवेअरही नसते आणि माणूसही. मॉडेल करणारी मुले हुशार असतात, मेहनत घेतात. पण हे मॉडेल कोण, कधी आणि कशासाठी वापरणार, हे सुरुवातीलाच बसून कुणी लिहून काढलेले नसते.

हे लिहून काढण्याची एक नीट रीत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रा. जॉन मेसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तिची मार्गदर्शिका 2009 मध्ये आली आणि पुढे सुधारून निघत राहिली. आज ज्याला बीआयएम एक्झिक्युशन प्लॅन, थोडक्यात बीईपी म्हणतात, त्यातल्या बऱ्याच तक्त्यांचे मूळ तिथे सापडते. ब्रिटनने केंद्र सरकारच्या बांधकामांना एप्रिल 2016 पासून बीआयएम बंधनकारक केले. 2018 मध्ये आयएसओ 19650 या मानकांचे पहिले भाग आले, आणि त्यांतही निविदा भरतानाच प्लॅन मागून नेमणुकीनंतर तो पक्का करायची पद्धत आहे. मुळातले प्रश्न चारच आहेत. मॉडेल कशाकशासाठी वापरायचे, काम कुठल्या क्रमाने व्हायचे, कोणी कुणाला कुठली माहिती द्यायची, आणि हे चालावे म्हणून सोय काय लागणार.

पहिल्या प्रश्नाला भिडताना ही मार्गदर्शिका शेवटाकडून सुरुवात करायला सांगते, आणि मला तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एखादे रुग्णालय बांधायचे आहे असे धरा. इमारत सुरू झाल्यावर देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला काय लागणार? ऑपरेशन थिएटरच्या एअर हँडलिंग युनिटचा सीरियल नंबर, फिल्टरचे माप, वॉरंटी कधी संपते, पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठल्या सीलिंगमागे आहे. ही माहिती पुरवठादाराकडून यंत्र बसतानाच घ्यावी लागते. ती त्याने द्यावी म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्ये तशी अट लागते. आणि ती मॉडेलमध्ये योग्य जागी भरायची तर डिझाइनच्या वेळीच त्या युनिटला शेवटपर्यंत न बदलणारा टॅग दिलेला असावा लागतो. दहा वर्षांनंतरच्या देखभालीचा विचार असा डिझाइनच्या सुरुवातीलाच करावा लागतो.

मार्गदर्शिकेने बीआयएमचे 25 उपयोग नोंदवले आहेत: जागेच्या सर्वेक्षणापासून खर्चाचा अंदाज, वेगवेगळ्या यंत्रणांचा मेळ, कामाच्या टप्प्यांचे नियोजन, आपत्तीच्या वेळची तयारी इथपर्यंत. यादी समोर आली की सगळेच हवेसे वाटते. म्हणून प्रत्येक उपयोगापुढे रकाने भरायचे असतात. प्रकल्पाला याचे मोल किती: जास्त, मध्यम की कमी? जबाबदारी कोणाची? ज्याची जबाबदारी त्याला स्वतःला यातून काय मिळते? त्याच्याकडे साधने, कौशल्य आणि अनुभव किती, 1 ते 3 मध्ये? शेवटी हो, नाही किंवा बघू. यातला तिसरा रकाना भरताना खरी परिस्थिती उघडी पडते. काम पूर्ण झाल्यावरचे अ‍ॅज-बिल्ट मॉडेल मालकाला सोन्यासारखे. पण ठेकेदाराचे बिल निघालेले, माणसे दुसऱ्या साइटवर हललेली. त्याला त्यात काहीच सुटत नसेल तर ते मॉडेल नावापुरतेच होणार. त्यापेक्षा निविदेत त्यासाठी वेगळा आयटम आणि वेगळा दर ठेवावा, नाहीतर तो उपयोग सरळ खोडून टाकावा. चार उपयोग नेटाने पार पाडणारा प्रकल्प पंधरा उपयोगांची फुशारकी मारणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे असतो.

दुसरा टप्पा क्रमाचा. एक मोठा नकाशा सगळ्या उपयोगांचा एकमेकांशी संबंध दाखवतो, आणि निवडलेल्या प्रत्येक उपयोगाचा एक बारीक नकाशा असतो. नकाशे काढणे तसे कंटाळवाणे काम. ते का करायचे हे त्याच रुग्णालयाच्या एका कॉरिडॉरमध्ये कळते.

मजल्याची उंची 3800 मिमी, बीमची खोली स्लॅबसकट 600. बीमखाली 3200 उरले. फरशीच्या जाडीचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. फॉल्स सीलिंग 2700 वर हवे, म्हणजे बीम आणि सीलिंग यांच्यामध्ये 500 मिमी. या पट्टीतून कॉरिडॉरच्या लांबीने एसीचा डक्ट जातो: 400 मिमी खोल, वर-खाली 25 मिमीचे इन्सुलेशन, एकूण 450. त्याला आडवा छेदतो वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा 110 मिमीचा पाइप. डक्टपाशी पोचेपर्यंत तो 12 मीटर आलेला असतो, आणि 1:100 ढाळाने तेवढ्यात 120 मिमी खाली उतरलेला. पाइप डक्टच्या वरून न्यायचा तर 110, 120 आणि 450 मिळून 680 मिमी लागतात. खालून न्यायचा तर 450 आणि 110, म्हणजे 560. जागा आहे 500.

वेगवेगळी मॉडेले एकत्र आणली की ही धडक सॉफ्टवेअर क्षणात लाल रंगात दाखवते. तोडगा मात्र माणसांनी काढायचा. डक्ट 250 मिमी खोल आणि जास्त रुंद केला तर इन्सुलेशनसह 300, खालून पाइप 110, काम 410 मध्ये बसते. पण हवेचा वेग आणि आवाज एसीच्या सल्लागाराने पुन्हा तपासायला हवा. किंवा पाइपसाठी बीममध्ये स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार जाईल अशी नळी, ठेवायची. पण ती कुठे चालेल हे आरसीसी सल्लागारच सांगणार, आणि ती काँक्रीट पडण्याआधी शटरिंगमध्ये सळईबरोबर बसली पाहिजे. आता तारखा मागे मोजा. स्लॅबच्या आधी सळई आणि स्लीव्ह, त्याआधी साइटवर पोचलेले मंजूर ड्रॉइंग, त्याआधी आरसीसी सल्लागाराची फेरतपासणी, त्याआधी सगळ्यांची बैठक, आणि बैठकीच्या आधी प्रत्येकाचे मॉडेल जमा. प्रक्रियेच्या नकाशात हा क्रम तारखांसकट लिहिलेला असतो. तो नसेल तर धडक सापडते, पण स्लॅब पडल्यावर. मग कोअर कटिंगचे मशीन येते, सळई तुटण्याची धास्ती असते, आणि बिल कोणाच्या नावावर यावर पत्रापत्री सुरू होते.

इथे एक सावधगिरी. पहिल्यांदा तपासणी चालवली की धडकांची यादी हजारांत जाते आणि निम्मे लोक हबकतात. बऱ्याच धडका भिंतीत शिरलेल्या सॉकेटच्या जातीच्या, किरकोळ असतात. म्हणून आधी कुठल्या जोड्या तपासायच्या, किती मिलिमीटरपर्यंतचे घुसणे दुर्लक्षायचे, इन्सुलेशन आणि दुरुस्तीसाठी हात घालायची जागा धरायची की नाही, हे प्लॅनमध्येच लिहावे.

तिसरा टप्पा माहितीच्या देवघेवीचा. उभ्या बाजूला इमारतीचे घटक, आडव्या बाजूला उपयोग, आणि चौकटीत ए, बी किंवा सी. ए म्हणजे अचूक माप आणि जागा, साहित्याच्या तपशिलासह. बी म्हणजे ढोबळ माप आणि जागा, काही माहिती जोडलेली. सी म्हणजे केवळ रूपरेषा. सोबत ती माहिती कोण रचणार त्याचे नाव. तक्ता भरला की देणारा आणि घेणारा यांच्या ओळी शेजारी ठेवायच्या. घेणाऱ्याला ए हवे आणि देणारा बी देतोय, तर दोनच वाटा: देणाऱ्याने तपशील वाढवावा, नाहीतर घेणाऱ्याने ती माहिती स्वतः रचावी. कॉलम आर्किटेक्टच्या मॉडेलमध्येही असतात आणि आरसीसी सल्लागाराच्याही. काँक्रीट मोजताना दोन्ही मोजले गेले तर आकडा फुगतो. म्हणून एका घटकाला एकच मालक नेमायचा.

परिमाणे काढायची तर मोजणीचा नियमही लिहिलेला हवा, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार हुकते. 1.2 बाय 1.5 मीटरची खिडकी घ्या: क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर. दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा आहे. मॉडेल प्रत्यक्ष क्षेत्रफळ मोजते, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून 3.6 वजा करते. आपल्या भारतीय मानकाचा, आयएस 1200 चा नियम निराळा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, अर्धा ते 3 चौरस मीटरमध्ये एकाच बाजूची वजावट, आणि कडांच्या गिलाव्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे बिलात वजा होतात 1.8. शेकडो खिडक्यांच्या इमारतीत मॉडेलचा आकडा आणि मोजमाप पुस्तिकेतला आकडा जुळत नाही, आणि बिले तपासणारा इंजिनिअर म्हणतो, मॉडेलवर भरवसा नाही. त्या बिचाऱ्या मॉडेलला नियम कुणी सांगितलेलाच नसतो.

खर्च आणि वेळ दोन्ही मॉडेलला जोडण्याची मोठी खटपट आपल्याच राज्यात नागपूर मेट्रोने केली. ऑगस्ट 2014 मध्ये पायाभरणी झालेल्या आणि मार्च 2019 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेल्या या प्रकल्पात तो राबवणाऱ्या महा मेट्रो कंपनीने 5डी बीआयएम वापरले: लांबी, रुंदी, उंचीच्या जोडीला चौथे परिमाण वेळेचे, पाचवे खर्चाचे. त्यामागची कल्पना सोपी आहे, राबवणे कठीण. मॉडेलमधला पिअर, वेळापत्रकातले त्याचे काम आणि दरपत्रकातला आयटम या तिन्ही ठिकाणी एकमेकांशी जुळणारा संकेतांक असला पाहिजे. वेळापत्रक लिहिणाऱ्याने आपली नावे दिली, दरपत्रक करणाऱ्याने आपली, तर मागाहून ती जुळवायला माणसे बसवावी लागतात. म्हणून संकेतांकांची यादी पहिले मॉडेल उघडण्याआधी तयार हवी.

चौथा टप्पा सोयीचा. तो कारकुनी वाटतो, पण सगळे त्यावरच उभे असते. सर्वांचा मूळबिंदू एक हवा. सर्वेक्षक जागतिक निर्देशांकांत, लाखो मीटरच्या आकड्यांत काम करतो. तीच फाइल जशीच्या तशी मॉडेलमध्ये आणली तर गडबड होते, कारण रेव्हिटसारखे सॉफ्टवेअर आपल्या मूळबिंदूपासून सुमारे 16 किलोमीटरच्या पलीकडे भूमितीची अचूकता राखत नाही. म्हणून इमारतीच्या एखाद्या ग्रिडचा छेदबिंदू मूळ धरून त्याचे सर्वेक्षणातले स्थान एकदाच नोंदवायचे. सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली, फाइलला नाव कसे द्यायचे, मंजूर फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आणि कच्ची कुठल्या, निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवघेव आयएफसी या खुल्या स्वरूपात होणार का, बैठक कुठल्या वारी, हेही इथेच. फाइल पाठवण्याआधी तपासण्याही पाठवणाऱ्यानेच करायच्या: डोळ्यांनी एकदा बघणे, धडका, ठरलेल्या नियमांचे पालन, आणि अर्धवट किंवा चुकीच्या वस्तू राहिल्या नाहीत ना.

प्लॅनला करारात जागा नसेल तर तो शिफारस म्हणूनच पडून राहतो. मॉडेल आणि सही केलेले ड्रॉइंग यांत फरक पडला तर काय मानायचे, हेही करारातच लागते. ड्रॉइंग मॉडेलमधूनच काढायचे, बाहेर रेष मारायची नाही, अशी अट घातली तर तो फरक फारसा उरत नाही. शिवाय प्लंबिंगचा ठेकेदार बहुतेक वेळा आरसीसीचे काम सुरू झाल्यावर नेमला जातो. म्हणजे प्लॅन लिहिताना तो खोलीत नसतो, पण स्लीव्हच्या ओळी त्याच्याच नावावर असतात. म्हणून त्याच्याबरोबरच्या पहिल्या बैठकीत तो तक्ता पुन्हा उघडतात, एकेक ओळ त्याच्यासमोर वाचतात, आणि जी त्याला वेळेत जमणार नाही ती तिथल्या तिथे प्लंबिंग सल्लागाराच्या नावावर चढवून पुढच्या स्लॅबची तारीख पुन्हा मोजतात.